दांड्याची माफी

प्रिय भिंगरी,

आई दारात उभी राहून हे पाकीट तुझ्या हातात देईल, तेव्हा तू आधी मला फोन लावायला जाशील. लावू नकोस. आधी वाच. अक्षर गिचमिड आहे, कोंबडीने पाय उमटवल्यासारखं, पण आज टाइप करायचं नाही असं मी ठरवलंय. अकरा वर्षांत तुला हाताने एक ओळ लिहिली नाही, तेव्हा एवढं चालवून घे. बुधवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही गं. काल चहात साखरेच्या जागी मीठ घातलं आणि तो पिऊनही टाकला. तुझी आई बघतच राहिली.

सुरुवात अगदी चांगल्या मनाने झाली होती. वीस तारखेला तुझा वाढदिवस. तू कॉम्प्युटरवरच्या त्या अवकाशातल्या खेळात तुझं मालवाहू यान घेऊन निघालीस की शेजारून दुसरं यान येईल, दिवे मिचकावील, आणि आत कोण म्हणून बघशील तर म्हातारा बाप! माझ्या या बेताला आई पोरखेळ म्हणाली, पण तीही खुशीत होती. तुला संशय येऊ नये म्हणून मी फोनवर थाप मारली की आपल्या खालच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याला खेळात यान चालवायचा दांडा, तुमची ती जॉयस्टिक, घ्यायचीय, कोणती घ्यावी. आठवतंय? अर्धा तास बोललीस. बूड जड असलेला घ्या, नाहीतर ओढला की टेबलावरून उठून येतो. आतले भाग घासणारे नकोत, चुंबकावर चालणारे हवेत, म्हणजे झिजत नाहीत. डाव्या हाताच्या वेगाच्या दांड्याला मध्ये खाच हवी, म्हणजे न बघता कळतं की वेग शून्यावर आला. आणि शेवटी म्हणालीस की माझ्याकडे आहे तोच घ्यायला सांगा, माझ्या तर हातातून सुटत नाही.

तुझं ते वाक्य मी कानात साठवून ठेवलं होतं. तोच घ्यायचा म्हणून हटून बसलो. नवा कुठे मिळेना, तर मोबाईलवाल्याने त्या खेळातल्या लोकांच्या गटात शोधून एक वापरलेला जोड मिळवला. विकणारं कोण, त्याने विचारलं नाही. घेणारा कोण, तेही विकणाऱ्याला कळलं नाही, कारण व्यवहार सगळा मोबाईलवाल्याच्या नावावर. मंगळवारी खोकं आलं. दोन्ही दांडे मी जेवणाच्या टेबलालाच पकडीने आवळले, उजवीकडे वळणाचा, डावीकडे वेगाचा. टेबलाला ओरखडा पडला म्हणून आईने दुपारभर तोंड सोडलं होतं. खुर्ची उंच पडत होती, तर ती सारून मी वेताच्या बुटक्या मोड्यावर बसलो, कोपर काटकोनात येईपर्यंत खाली उशा घालत-काढत राहिलो. मग पडद्यावर सांगितलं तसं दांडा चारी बाजूंना टोकापर्यंत फिरवला, म्हणजे यंत्राला आपल्या हाताचं माप कळतं. तुला सांगतो, अकरा वर्षांनी क्रेनच्या केबिनमध्ये बसल्यासारखं वाटलं. छाती फुगली माझी.

आणि यान उडवायला गेलो तर काय! दांडा हलवतोय, यान ढिम्म. आणखी हलवतोय, तरी ढिम्म. पाव भाग पुढे रेटला तेव्हा कुठे महाराजांनी मान वळवली. म्हटलं, फसवलं च्यायला! खाली जाऊन मोबाईलवाल्याला उभा-आडवा घेतला. त्याने बिचाऱ्याने विकणाऱ्याला खरमरीत निरोप पाठवला, अर्थात मीच शब्दन् शब्द सांगून, की भंगार गळ्यात मारायला लाज नाही वाटत का. पाच मिनिटांत उत्तर आलं. फार नम्र होतं. दांडा चांगला आहे, माझी जुनी सेटिंग्ज आत राहून गेलीत, कृपया न बघता पुसून टाका.

आता मला न बघता म्हटल्यावर मी बघितल्याशिवाय राहतो का? बुधवारी सकाळी मोबाईलवाल्याने दांड्याच्या पोटातली यादी उघडून दिली आणि तो गिऱ्हाईक आलं म्हणून खाली गेला. चार नावं होती. एकाखाली एक. माफी पाच. माफी नऊ. माफी चौदा. माफी बावीस. प्रत्येकापुढे तारीख, पहिली दीड वर्षापूर्वीची, शेवटची चार महिन्यांपूर्वीची. मी मोड्यावरून उठलो आणि परत बसलो. पाण्याचा पेला घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला. आईने काय झालं म्हणून विचारलं तर मी पडदा तिच्याकडे वळवला.

जगात या गोष्टीला सगळे डेड झोन म्हणतात. दांड्याच्या मधोमधची ती जागा, जिथे हात थोडा इकडेतिकडे झाला तरी यंत्र काणाडोळा करतं. तिला माफी म्हणणारा एकच माणूस होता, मला क्रेन शिकवणारा उस्ताद. जुन्या क्रेनचा दांडा मध्यभागी सैल असायचा, तर तो म्हणायचा, दांड्याने एवढी माफी दिलीय, त्याहून जास्त मागू नकोस. ते मी घरी आणलं. तू नऊ वर्षांची, माझ्या मांडीवर बसून तो स्वस्तातला दांडा चालवायचीस, हात सोडला तरी यान एका बाजूला वाहत जायचं, आणि मी म्हणायचो, माफी वाढव. मग आपल्या घरात दाराची सैल कडीही माफीची झाली. उस्ताद जाऊन वीस वर्षं झाली. म्हणजे हा शब्द येणारी माणसं उरली तीन, आणि त्यातली दोन या घरात राहतात.

तरी मी मनाची समजूत घालत होतो. मग वेगाचा दांडा निरखून बघितला. पाऊण वेगाच्या जागी नेलपॉलिशचा लाल ठिपका. तसा ठिपका लावायला तुला मीच शिकवलंय. आणि गुरुवारी तुझा फोन आला. चार दिवस रजा आहे म्हणालीस, सोमवारी ड्युटीवर जाणार म्हणालीस, आणि काल दोन तास उडवत होते, काय सुंदर उतरवलं यान, असं रंगवून रंगवून सांगितलंस. अगं, तुझा दांडा माझ्या टेबलावर होता! तू बोलत होतीस तेव्हा माझा हात त्याच्यावरच होता. मी हं हं करत राहिलो. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो.

खोटं बोललीस म्हणून नाही गं. खेळात कुणी उगाच माफी पाचावरून बावीसवर नेत नाही, आणि तीही पुरेना म्हणून दांडाच विकून टाकत नाही. दांडा झिजणारा नाही, हे तूच सांगितलंयस. मग झिजतंय काय? उजवा हात थरथरतोय तुझा. आणि सोमवारी त्याच हाताने तू बारा मजले उंच केबिनमध्ये बसणार, खाली चाळीस टनांचा कंटेनर आणि त्याच्याखाली माणसं. तिथल्या दांड्याची माफी कुणाकडून वाढवून घेतेस, भिंगरी? मेकॅनिकला काय सांगितलंस?

मी काय सांगितलं होतं ते आता ऐक. मी सांगितलं होतं की म्हातारपणामुळे दांडा घट्ट लागतो, जरा सैल कर. मी गुडघ्यांमुळे क्रेन सोडली असं तुला, शेजाऱ्यांना, अख्ख्या कंटेनर यार्डाला सांगितलं. माझे गुडघे ठणठणीत आहेत. हात थरथरत होता. आठ महिने लपवला. कोपर मांडीवर टेकवायचो, सगळ्यांसमोर चहा अर्धाच कप घ्यायचो, सहीला वेळ लागला की पेनाला शिव्या घालायचो. मग एका दुपारी ट्रेलरवर कंटेनर उतरवताना हाताने झटका दिला, दांडा माफीच्या बाहेर गेला, आणि कंटेनरचा कोपरा ट्रेलरच्या केबिनवर बसला. छप्पर सीटला टेकलं. ड्रायव्हर पाण्याची बाटली भरायला खाली उतरला होता, अर्धा मिनिट झालं नसेल. वाऱ्यामुळे झालं असं सगळे म्हणाले. मी नाही म्हणालो नाही. संध्याकाळी तो ड्रायव्हर मला शोधत आला, आपण दोघंही थोडक्यात वाचलो म्हणत माझा उजवा हात दोन्ही हातांत धरून हसत राहिला. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.

दोन वर्षांनी आई मला ओढत डॉक्टरकडे घेऊन गेली. गोळ्या आहेत यावर, बऱ्यापैकी आराम पडतो, जीवाला धोका नाही. पण ते म्हणाले, हे रक्तातून येतं, मुलं असतील तर त्यांना सांगून ठेवा. मी हो म्हणालो. त्याच महिन्यात तुला क्रेनचं लायसन मिळालं. यार्डातली पहिली मुलगी! मी फोन करकरून लोकांना वात आणला होता. त्या आनंदात तुला कोणत्या तोंडाने सांगायचं? आज सांगू, उद्या सांगू करत नऊ वर्षं गेली. आई यावरून माझ्याशी कितीदा भांडली, तुला कल्पना नाही. तू दीड वर्ष एकटीच घाबरत, कशामुळे होतंय ते न कळता, खेळातल्या दांड्यावर हात तपासत बसलीस, आणि उत्तर माझ्या खिशातल्या गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं होतं. मला माझीच शिसारी आली.

म्हणून हे पत्र हाताने लिहिलं. अक्षर बघ माझं. कान्यांना फाटे फुटलेत, वेलांट्या उडाल्यात, ओळी उतरल्यात. पेनाचा दोष नाही, घाईही नाही, गोळी घेऊन तीन दिवस बसून लिहिलंय. हा हात मी अकरा वर्षं तुझ्यापासून लपवला. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, तू हसवलं असतंस आणि मीही हसून विषय बदलला असता. सोमवारी वर चढू नकोस. साहेबाला जे सांगायचं ते आपण दोघं जाऊन सांगू, वाऱ्याचं आणि ट्रेलरचंही मीच सांगेन, आणि तिथून डॉक्टरकडे. क्रेन सुटेल कदाचित. मला माहितेय ते काय असतं. ओरडायचं असेल तर ओरड, मी ऐकून घेईन. मी तुझ्या बिल्डिंगच्या खालीच आहे, फाटकाजवळच्या बाकावर, मांडीवर तुझं खोकं घेऊन. दांडा आत आहे, सेटिंग्ज पुसलेली नाहीत, बावीस माझ्याही हाताला बरोबर बसतंय. माफी मागायला मीच वर यायला हवं, पण तू बोलावल्याशिवाय जिना चढायची हिंमत होत नाही. खिडकीतून नुसता हात कर.

तुझाच, गुडघे धडधाकट असलेला,
बाबा