मिनारीची धिरडी

मामी,

शाळेला पळतेय. आई दुपारी येवल्याहून मला कायमची न्यायला येतेय, तिला गरमागरम धिरडी घाल. मी टबात लावलेली मिनारी चिरून पिठात कालवून ठेवलीये. वासाने ती नाक मुरडेल, तेव्हा सांग की ही कोरियातली रानभाजी आहे. मामा "ते गवत उपटा" म्हणाले, तेव्हा तू "आधी तुमची बंद स्कूटर उपटा" म्हणालीस, म्हणून मिनारी वाचली! थँक्यू गं. इथे आले तेव्हा मी तोंडही उघडत नव्हते. आता वर्गात बडबडीसाठी ओरडा खाते, तोही तुझ्यामुळेच!

आईला तू विनवू नकोस. मला नाशकात तुझ्याजवळच राहायचंय, हे संध्याकाळी मी स्वतः तिला सांगेन.

स्वानंदी