गोठ्याकडच्या फेऱ्या

१२ जाने., पुंडलिकनगर
सातवा लागला. पाय आजही तसेच. दुखत नाहीत, मुंग्याही नाहीत. आतून काहीतरी वळवळतं. आडवं झालं की सुरू, चाललं की बंद. अमोल ड्युटीवरून दमून येऊन पाय दाबत बसला. मी म्हटलं, दाबू नको, त्याने काही होत नाही. तोंड फिरवून झोपला. नवऱ्यावर कशाला चिडायचं? माझंच चुकलं.

१५ जाने.
डोहाळजेवण. फुलांचे दागिने, सात जणींनी ओटी भरायची. चौथीला उठलेच. नारळ मांडीवरून घरंगळला. सासूबाई सगळ्यांदेखत, "एवढं बी बसवंना का गं तुला?" आतल्या खोलीत रडले. तेही चालत चालत.

१९ जाने.
डॉक्टरबाईंना शेवटी सांगितलं. हसतील वाटलं होतं, हसल्या नाहीत. या आजाराला नाव आहे म्हणे. रक्तात लोह फार कमी.
"लोहाची गोळी कशासोबत घेता?"
चहासोबत. लहानपणापासून आई प्रत्येक गोळी चहाबरोबरच द्यायची. चहामुळे लोह अंगी लागत नाही, म्हणाल्या. म्हणजे तीन महिने मी नुसतीच गोळ्या गिळत होते. बाळंतपणानंतर बहुतेक थांबतं, असंही म्हणाल्या. रिक्षात तेवढंच घोकत आले.

२४ जाने., दौलताबाद
पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. आईला चहाचं सांगितलं. आता गोळीसोबत लिंबूपाणी देते. स्वतःचा चहा मात्र दिवसातून पाच वेळा.

२७ जाने.
रात्री दोनला अंगणात आले तर आई आधीच तिथे. गोठ्यापर्यंत जाते, परत येते. लहानपणी विचारलं की म्हणायची, "म्हशीकडं बघून येते." म्हैस विकून नऊ वर्षं झाली.
तिच्यासोबत चालायला लागले. बऱ्याच वेळाने विचारलं, "आई, पाय?"
"व्हय."
"कधीपासून?"
"तू पोटात व्हतीस तवापासून. वाटलं, बाळंत झाल्यावर जाईल."
सत्तावीस वर्षं.

२८ जाने.
तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, बाबांनाही नाही. "काय सांगायचं? पाय वळवळत्यात म्हनून?" आधी तिचा राग आला. मग भीती वाटली. माझंही नाही थांबलं तर? आणि पोटात मुलगी असेल तर तिलाही...

३१ जाने.
मंगळवारी माझी तपासणी. आईला म्हटलं, तूही चल, तुझंही रक्त बघू.
"माझं काय बघायचं आता."
जास्त ताणलं नाही.
संध्याकाळी तिने चहा टाकला आणि बाबांचा एकच कप भरला. तुझा कुठाय, असं बाबांनी विचारलं. "नको आज," म्हणाली. मंगळवारचं अजून काही बोललेली नाही.