हरणाचे कान कुठं होते

मकारोरा,
१२ एप्रिल १९७४

ती. मर्डोमामास थोराचा सा. न. वि. वि.

मामीनं तुझं लोणी बंद केलं असं कळलं. तू चोरून खातोस हेही कळलं.

हे पत्र लॅक्लनला न सांगता लिहितेय, त्याला कळू देऊ नकोस. शनिवारी आम्ही नवराबायको ओढ्यावरच्या खोपटात होतो. त्याचा पाय मुरगळला, म्हणून त्याला चुलीपाशी बसवून मी एकटीच शिकारीला वर गेले. झाडीतून हरणाचा नर निघाला आणि आडवा उभा राहिला. खांद्यामागची जागा उघडी. एका गोळीत जीव जाईल, जनावर तडफडणार नाही, असाच बार. बोट चापावर होतं. पण त्याचे दोन्ही कान पलीकडच्या नेच्यांकडे ताठ रोखलेले. कान रोखलेले म्हणजे तिकडे कुणीतरी आहे, ते सैल पडल्याखेरीज चाप ओढलास तर रायफल काढून घेईन, असं तू दटावायचास, म्हणून थांबले. तो भुंकल्यासारखा ओरडून उधळला आणि त्याच नेच्यांतून लॅक्लन लंगडत आला. धुकं उतरतंय म्हणून मला शोधायला निघाला होता. नेमाच्या सरळ रेषेत, मामा.

मी त्याला म्हटलं, हरीण दिसलंच नाही. तेव्हापासून रायफलला हात लावलेला नाही. ती तुझ्याकडे धाडू का?

माया आटू देऊ नकोस.
तुझी थोरा

मकारोरा,
१४ एप्रिल

ती. मामांस लॅक्लनचा नमस्कार.

थोराला यातलं कळू देऊ नका. शनिवारी मी नेच्यांतून डोकं वर काढलं, तर समोर नर आणि त्याच्या पलीकडे तिच्या रायफलची नळी, सरळ माझ्याकडे. मी झटकन खाली बसलो, तोवर नर उधळला. नंतर ती म्हणते, हरीण दिसलंच नाही. एवढा मोठा नर दिसला नाही, तर नेम कशावर होता? कुरण विकण्यावरून आमचं कडाक्याचं वाजलंय, हे तुम्ही जाणताच. असलं काही माझ्या मनात यावं, याचीच मला धास्ती बसलीय. तिच्याशी धड बोलवत नाही.

आपला असाच लोभ राहो.
लॅक्लन

इन्व्हरकार्गिल,
१९ एप्रिल

चि. थोरा व चि. लॅक्लन यांस अनेक आशीर्वाद.

दोघांनीही मला गप्प राहायला सांगितलंत. ते मला जमणार नाही. दोन्ही पत्रं याच पाकिटात घातली आहेत. थोरानं त्याचं वाचावं, त्यानं तिचं, समोरासमोर बसून. थोरा, रायफल धाडू नकोस. यापुढे ज्यानं जिथं बसायचं ठरलं, त्यानं तिथून हलायचं नाही, मग धुकं पडो की आभाळ.

सुखरूप असल्याचं कळवा.
तुमचा मर्डोमामा

मकारोरा,
२४ एप्रिल

ती. मामास सा. न.

माझं पत्र वाचून लॅक्लन उठला आणि बाहेर गेला. मी दारात उभी राहिले. त्याच्यामागे गेले नाही. त्यानं माझ्याबद्दल काय मनात आणलं होतं, ते मी पुन्हा वाचलं. बऱ्याच वेळानं तो सरपण घेऊन आला, चुलीत घातलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, नराच्या शिंगांना किती फाटे होते. मी बारा म्हटलं. तो म्हणाला, चौदा. जेवण होईपर्यंत आम्ही त्यावरून भांडलो.

रायफलला अजून हात लावलेला नाही. आठवण ठेव.
थोरा