जुन्या दारावरची कावेरी

तंजावूर, ४ डिसेंबर २०२४

ती. भामाअक्कास धाकट्या भीमसेनाचा सा. न.

तुझी चाल पोहोचली. तुझ्या फौजेची निळी बटणं पूल ओलांडून सहा इंच पुढे आली. फाशात पुन्हा सहा पडले, हे तुझ्या शब्दावर मानतो. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईवर शंका घेऊ नये, असं सुंदरी म्हणते. माझे चिंचोके मात्र बांधाआड दबा धरून बसलेत. या खेपेला तुझी धडगत नाही.

आता खरी बातमी. एक पट तुझ्याकडे, तसाच एक माझ्याकडे आणि लढाई पोस्टाने, असं अकरा वर्षं चाललं. आता परसातलं जुनं दार आडवं टाकून मोठा पट करतो आहे, ही लढाई त्यावरच हलवीन. तिरुवैयारूचा आपला लहानपणचा नदीकाठ, जसाच्या तसा. बांध मिक्सरच्या खोक्यातल्या थर्माकोलचे, वर माझ्या फाटक्या धोतराचे डिंकात भिजवलेले तुकडे. माती म्हणजे फिल्टर कॉफीचा वाळवलेला चोथा. शेतं काथ्याची. घरांवरचे पत्रे गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे. गोळ्या सुंदरीच्या बीपीच्या, काळजी नको. नदीला डिंकाचे सात थर दिले, एकेक वाळायला दिवस लागतो. मंगळवारी आणि शुक्रवारी बाहेर जावं लागतं, एरवी रोज बसतो. नजर कमी झाली आहे, तुझं बारीक अक्षर सुंदरीच वाचून दाखवते.

पोंगलला ये. एकदा तरी समोरासमोर बसून खेळू. नाही म्हणू नकोस.

आहे ती माया पातळ होऊ देऊ नकोस.
भीमसेन

पुणे, १६ डिसेंबर २०२४

चि. भीमसेनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून हसले. कॉफीच्या चोथ्यावर शेती करणारा तूच पहिला. मुंग्या लागल्या तर त्या माझ्या बाजूने लढतील, हे लक्षात ठेव.

पोंगलचं मात्र जमत नाही. गुडघा फार दुखतो, डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात. चैत्रात बघू. पट कुठे पळून जात नाही. तू मला तिन्ही बाजूंनी घेरलं आहेस, हे मला दिसत नाही असं समजू नकोस. उरलेली बटणं नदीकडे तीन इंच मागे घेते.

पथ्य सांभाळ. सुंदरीला जपायला सांग, तुला आणि स्वतःलाही.
तुझी अक्का

तंजावूर, ३० जानेवारी २०२५

ती. अक्कांस सुंदरीचा नमस्कार.

माझं मराठी लिहिणं कच्चं आहे, समजून घ्या. आमच्या लेकीला, नंदिताला, देवनागरी येत नाही, म्हणून मीच बसले. नऊ तारखेला हे गेल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा तुम्हीही रडलात, मीही रडले, बोलणं काहीच झालं नाही. ते आता लिहिते.

ह्यांच्या किडन्या दोन वर्षांपासून गेल्या होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जायचे. तुम्हाला कळवू नकोस, अशी मला शपथ घातली होती. गोळ्याही त्यांच्याच होत्या, माझ्या नव्हेत.

तुमचं पत्र मीच वाचून दाखवलं. ऐकून हे हसले. गुडघा नव्हे, अक्का हरायला लागली आहे, लहानपणीही अशी वेळ आली की तिचं पोट दुखायचं, असं म्हणाले. मग मला बांधाआडचे सगळे चिंचोके उचलून बाजूला ठेवायला लावले. अक्काला वाट मोकळी कर, जिंकतेय असं दिसलं की येईल, असं म्हणाले. ती चाल तुम्हाला लिहायची राहिली.

दहाव्याला माणसं बसवायला जागा हवी म्हणून चौघांनी ते दार उचललं. ते कललं. बटणं, चिंचोके सगळे जमिनीवर. नंदिताने वेचून डब्यात भरले, पण शेवटी कोण कुठे उभं होतं ते आता इथे कुणाला माहीत नाही.

तेराव्यापर्यंत तुमची वाट पाहिली. एकच विचारते, रागाने नाही. गुडघा खरंच दुखत होता का?

धाकटेपणी काही अधिक लिहिलं असेल तर पोटात घाला.
सुंदरी

पुणे, ६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुंदरीस,

वर आशीर्वाद लिहिणार होते. हात धजला नाही.

दुखत होता, पण गाडीत बसता येणार नाही इतका नाही. डॉक्टरांना मी विचारलंच नव्हतं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो मला चारी मुंड्या चीत करणार होता, आणि ते त्याच्यासमोर बसून बघायचं माझ्या जिवावर आलं. बहात्तर वर्षांची बाई मी. मनात म्हटलं, जरा थांबेल, मी काहीतरी डाव शोधेन, मग जाऊ. त्याला बरं नाही हे तू सांगितलं नाहीस, पण त्याच्या अक्षराच्या ओळी वर्षभर खाली घसरत होत्या. त्या मला दिसत होत्या. मी विचारलं नाही.

तेराव्याला आले नाही ते लाजेने. तू असं काही विचारशील म्हणून घाबरले होते, आणि तू विचारलंसच. बरं केलंस.

सोमवारी निघते, बुधवारी पोहोचेन. तो मंगळवारी आणि शुक्रवारी कुठे जायचा, तिथे बसून काय बोलायचा, शेवटी काय खाल्लं, सगळं मला सांग. लपवलेलं सगळं. रागावायचं असेल तर मी समोर बसेन, उठून जाणार नाही.

मला घरात घे, एवढंच मागते.
भामा