एकेचाळीस वाडगे पेज

बीजिंग, ६ ऑगस्ट २०२०

ती. बाबांस, यीनिंगचा सा. न.

तुमच्या पत्राचा फोटो काल फोनवर आला. कागदावर तेलाचा डाग होताच. आई म्हणाली, माणूस झांबियाला गेला तरी हात काही पुसत नाही.

एक विचारायचं आहे. तुम्ही लिहिता, हल्ली नूडल्स कोणी मागत नाही, दुपारी एकेचाळीस वाडगे पातळ पेज खोल्यांच्या दाराशी ठेवता. आपल्या घरी दुपारची पेज फक्त तापकऱ्याला मिळते. आणि तुम्ही ज्या धरणाच्या कामावर स्वयंपाकी आहात, तिथून आमच्या विमा कार्यालयात दर सोमवारी कळवतात, आजारी शून्य. तो जोखमीचा तक्ता मीच भरते. वीस तारखेला आपले राजदूत आणि तिथले मंत्री धरणावर येणार आहेत. त्या दौऱ्यासाठी तक्त्यात 'हरकत नाही' हे शब्द मला लिहायचे आहेत, आणि हात धजत नाही. खरं काय ते कळवा. जीव तुमच्यापाशी आहे, सांभाळा.

तुमची
यीनिंग


धरणाची वसाहत, ९ ऑगस्ट

चि. यीनिंगला आशीर्वाद.

आई हात पुसायला सांगते, तू तोंड उघडायला लावतेस.

ताप आहे. वेल्डर शी तर धापा टाकतो. इथले मुख्य लू साहेब म्हणतात, पाहुणे येऊन जाईपर्यंत बोभाटा नको, काम थांबलं तर कंपनीचं नाव जाईल आणि देशाचंही. प्राणवायूची सहा यंत्रं आली होती, ती गावच्या दवाखान्याला भेट दिली. फोटो छान आला. त्याचं वाईट वाटत नाही, त्यांचीही माणसं आजारी आहेत.

पण माझं नाव घेऊ नकोस. तियानश्वेईतली आपली खानावळ बंद पडली तेव्हा लू साहेबांनीच मला कामाला घेतलं. बाकी तू शिकलेली आहेस. जेवत जा.

तुझा बाबा


बीजिंग, ११ ऑगस्ट

ती. बाबांस, सा. न.

तुमचं नाव टाळून तीनदा लिहून पाहिलं. कार्यालयातल्या आमच्या वरिष्ठ वेनबाई म्हणाल्या, ऐकीव गोष्टीवर राजदूतांचा दौरा थांबत नाही, कोणी पाहिलं ते लिही. लहानपणी मी आंबलेला रस्सा गिऱ्हाइकाला वाढला होता. तुम्ही मला त्याच्या टेबलापाशी नेऊन वाडगा परत मागायला लावलं होतंत. काल तेच केलं. तुमचं नाव लिहिलं, आणि नात्याच्या रकान्यात 'वडील'. तुम्हाला न विचारता. रागवा, पण उत्तर धाडा.

यीनिंग


धरणाची वसाहत, १६ ऑगस्ट

चि. यीनिंगला आशीर्वाद.

दौरा रद्द झाला. डॉक्टर आले. वेल्डर शी याला गावच्या दवाखान्यात नेलं, आपणच भेट दिलेल्या यंत्रावर आहे तो. लू साहेब माझ्याशी बोलत नाहीत. बंद असलेली विमानं सुरू झाली की मला घरी पाठवणार, पुन्हा न घेण्याच्या बोलीवर. आईला सांग, खानावळीची चूल घासून ठेव.

दोन दिवस रागावलो होतो. तो आंबलेला रस्सा मी विसरलो होतो, तू नाही विसरलीस.

परवापासून सुतार फान पेज करतो. करपवतो. बेचाळिसावा वाडगा माझ्या दाराशी असतो. तो बाहेरून विचारतो, मास्तर, मीठ बरोबर आहे ना? मी हो म्हणतो. खरं तर मला चवच कळत नाही.

हे तक्त्यात लिही. आईला नको.

तुझा बाबा