कच्चे टोमॅटो

३ मार्च

गुडघा सुजला! चष्मेवाली सकाळपासून रबरी हातोडी घेऊन माझ्या मागे. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाची पोरगी, शरीरक्रियेची परीक्षा डोक्यावर, सरावाला वर्गातलं कुणी सापडत नाही. मग आहेच प्रयोगशाळेचा शिपाई!

"दादा, पाय ढिला सोडा ना."

"अहो ताई, गुडघा आहे तो, खिळा नव्हे."

बीपी जास्त आहे म्हणाली. असणारच — शुक्रवारी विभागाच्या गाडीसाठी ड्रायव्हर निवडणार आहेत. किती दिवस फरशाच पुसायच्या? ते स्टिअरिंग मला हवंच!

४ मार्च

आज तिने ठिपक्यांचं पुस्तक आणलं. ठिपक्यांत लपलेला आकडा सांगायचा म्हणे.

"कुठाय आकडा?"

"दादा, थट्टा पुरे."

मी थट्टा करतच नव्हतो. तिने पान उलटलं. तिथेही नुसते ठिपके. मग हळूच म्हणाली, तांबडं आणि हिरवं तुम्हाला वेगळं दिसत नाही.

लायसनच्या वेळी असलं काही कुणी विचारलंच नव्हतं. शुक्रवारी मात्र हेच पुस्तक!

लहानपणी मळ्यातून आम्ही दोघं भाऊ कच्चेच टोमॅटो तोडून आणायचो. आई कावायची — "डोळे आहेत की बटणं? थोरला तसा, धाकटाही तसाच!"

५ मार्च

"ताई, आकडे सांगा, पाठ करतो."

"मुळीच नाही. उद्या तुमच्या गाडीत मीच बसले तर?"

उत्तरं पुस्तकाच्या शेवटी छापलेली आहेत. झाडू मारताना घोकतोय.

७ मार्च

पास!! डॉक्टरांनी पानं ओळीनेच उलटली, मी धडाधड बोलत सुटलो. किल्ली खिशात!

चष्मेवालीने अभिनंदन केलं नाही. एवढंच विचारलं, "हे आईकडून मुलग्यांत येतं. घरात आणखी कुणाला आहे?"

हसतच म्हणालो, "थोरला होता ना, तोही —"

आणि पुलावरचा तो दिवा आठवला.

अरुंद पूल. एकच दिवा. लाल झाला की थांबायचं, हिरवा झाला की निघायचं. थोरला लालवर घुसला, समोरून ट्रक. प्यायला असेल, म्हणाले सगळे. बाबासुद्धा! तो थेंबाला शिवत नव्हता, सांगून सांगून मी दमलो. बाबांनी त्याचा फोटो भिंतीवरून उतरवला. त्याचा विषय निघाला की उठून जातात.

८ मार्च

किल्ली परत दिली. खरं काय ते सांगितलं. साहेब आधी भडकले, मग त्यांनी किल्ली खणात टाकली. शेवटी म्हणाले, "जा, फडकं घे."

घरी फोन लावायचा आहे. धीर होत नाही.

९ मार्च

लावला. आईला टोमॅटोपासून सगळं सांगितलं. ती रडायला लागली. मग फोन कुणीतरी ओढून घेतल्यासारखा आवाज. बाबा —

"माझ्या थोरल्याचं काय म्हणालास? पुन्हा सांग."