शेवंताच्या घराचा कागद आणि मी पुसलेल्या सात फायली

मी, सगुण पांडुरंग वायंगणकर, वय वर्षे ऐंशी, निवृत्त स्टोअरकीपर, राहणार मुळगाव, तालुका डिचोली, गोवा, आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझी बुद्धी शाबूत आहे, अक्षर अजून ओळीत राहते, व पुढील मजकूर मला कोणी सांगितलेला नाही. कोणाच्या धाकाने लिहीत नाही, असेही अशा कागदात लिहायचे असते. धाक मला आहे. तो कलम चारमध्ये सांगितला आहे.

माझे शिक्षण पोर्तुगीज अमदानीत, देवळाच्या अग्रशाळेत भरणाऱ्या मराठी शाळेत, चौथीपर्यंत झाले. वकिलांनी तीन पानांचा मसुदा करून दिला होता. त्यात माझ्या वडिलांचे नाव दोन ठिकाणी चुकले होते, सबब तो परत केला.

कलम १. माझी पत्नी कै. कमलाक्षी हिचा अर्धा हिस्सा तिच्या पश्चात मुलगा गौरेश व मुलगी हर्षा यांच्याकडे गेला आहे. उरलेला अर्धा माझा, व त्यातीलही अर्ध्याचीच व्यवस्था गोव्याच्या कायद्याने मला माझ्या इच्छेप्रमाणे करता येते. राहते घर गौरेशकडे राहावे. मी त्याच्याच चुलीवरचे जेवतो, रक्तदाबाच्या गोळ्या तोच आणतो, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. सोप्यावरील शिवणी लाकडाचा बाक मात्र हर्षाला द्यावा. गौरेशने त्यावर मोटारसायकलची बॅटरी ठेवून आम्लाचे डाग पाडले आहेत, व विचारले असता बाक जुनाच होता असे उत्तर दिले आहे.

कलम २. बँकेतील ठेव दोघांना सारखी.

कलम ३. पान्यांचे दोन संच व व्हर्नियर कॅलिपर शेजारच्या गॅरेजवाल्या दत्तप्रसादला द्यावे. प्रत्येक पान्याला मी पत्र्याची चिठ्ठी बांधली आहे, ती काढू नये. खाणीच्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षे माझा एकच नियम होता. ज्या वस्तूला वाचता येईल अशी चिठ्ठी नाही, ती भंगारात. साहेब लोकही हा नियम मोडत नसत. या नियमाने मी आयुष्यात एक घोर चूक केली, ती अशी.

कलम ४. भैरू नावगेकर हा बेळगाव जिल्ह्यातून खाणीवर आलेला मनुष्य. शेवंता ही त्याची पत्नी. कमलाक्षी अंथरुणाला खिळली तेव्हा शेवंताने चौदा महिने तिला न्हाऊमाखू घातले व मजुरी घेतली नाही. कमलाक्षी बरी झाल्यावर, सन १९९३ मध्ये, काजूच्या बागेच्या खालच्या अंगाची तीनशे चौरस मीटर जागा आम्ही उभयतांनी त्यांना घरासाठी दिली. कागद मी लिहिला. खाली माझी सही, तिच्याशेजारी कमलाक्षीची. नोंदणी करणे राहिले, तो माझा आळस.

भैरू वारल्यावर शेवंताने तो कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून माझ्याकडे आणून दिला. म्हणाली, “दादा, तुमच्याकडं असू दे. माझ्या घरात उंदरं हाईत, तुमच्याकडं कुलूप हाय.”

माझ्या कुलपाच्या आत वाळवी शिरली. तेव्हा हर्षाची मुलगी गौरवी, जी पणजीला संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करते, तिने माझ्या सर्व एक्केचाळीस कागदांचे फोटो काढून लॅपटॉपवर घातले. फोटो स्वच्छ आले हे पाहून मी मूळ कागद न्हाणीतल्या भाणाखाली, आंघोळीचे पाणी तापवण्याच्या चुलीत, घातले. तसे करा म्हणून मला कोणी सांगितले नव्हते. गौरवीने एक नक्कल स्वतःजवळ ठेवते म्हटले, ते मी नाकारले आणि तिच्या फोनमधील फोटो माझ्यासमोर पुसायला लावले. माझा कागद दुसऱ्याच्या खिशात फिरावा हे मला मान्य नव्हते.

गौरेश कपाटे उघडतो, म्हणून मी तिच्याकडे त्याला उघडता येणार नाही असे कुलूप मागितले. तिने कूटबद्ध फोल्डर करून दिला व एका लायब्ररीच्या आधाराने त्याचा प्रोग्राम लिहिला. दुसऱ्या कारागिरांनी घडवून ठेवलेली हत्यारे आपल्या प्रोग्रामात आणून वापरायची, तिला तिच्या धंद्यात लायब्ररी म्हणतात. त्या प्रोग्रामात पासवर्ड दिला की कागदांची नावे मराठीत दिसतात. फाइल उघडणे, नाव बदलणे, हलवणे, पुसणे, सर्व तेथूनच करायचे. प्रोग्राम टाळून तोच फोल्डर उघडला तर मजकूरच काय, फायलींची नावेदेखील विस्कटलेली दिसतात. त्यांच्यातच एक लहान फाइल असते. खरी किल्ली तिच्यात गुंडाळलेली असते, माझा पासवर्ड फक्त ती गुंडाळी सोडवतो. गौरवीने बजावले होते, “आजोबा, बाहेरच्यान त्या फोल्डराक हात लावूं नाका. ती ल्हान फाइल गेली तर पासवर्ड बरोबर आसूनय कायच उघडचां नाय. माकाय नाय.”

दिनांक २२ ऑगस्ट रोजी, गणेश चवथीच्या आधीची झाडलोट चालू असता, मी लॅपटॉपही झाडून घ्यावा असे ठरवले. प्रोग्राम न लावता सरळ डिस्कवरून फोल्डर उघडला. एकही नाव वाचता येईना. इंग्रजी अक्षरे व आकडे, कोणी मूठभर घेऊन फेकल्यासारखे. कपाटाला लागली तशी कीड येथेही लागली, असे मी समजलो. ज्याला चिठ्ठी नाही ते भंगारात, या सवयीने वरपासून एकेक पुसत गेलो आणि कचऱ्याची टोपली लगेच रिकामी केली. सात पुसल्या, तेव्हा सुनेने पेजेला हाक मारली. पेजेची वाटी हातात घेतली आणि गौरवीचे बोलणे आठवले.

त्या सातांत एक इतरांहून लहान होती, असे अंधुक आठवते. ती किल्लीची असेल तर सर्व एक्केचाळीस कागद गेले. नसेल तर सात गेले, आणि त्या सातांत शेवंताचा होता की नव्हता हे मला माहीत नाही. प्रोग्राम लावून पाहिले असते तर एका मिनिटात कळले असते. आज शहाऐंशी दिवस झाले, मी लावलेला नाही. लॅपटॉप कपाटात आहे. कपाटासमोरून जाताना मी दुसरीकडे पाहतो. रोज गौरवीचा फोन येतो व रोज मी सर्व ठीक आहे असे सांगतो.

दसऱ्यानंतर गौरेशने फ्लॅट बांधणाऱ्या एका माणसाकडून खालच्या अंगाची मोजणी करून घेतली. मी हटकले. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, माका कोणाक रस्त्यार घालूंचां नाय. आवयची सही दाखव. सही दिसली तर मी थंय परत पाय ठेवचंय नाय.” हा मुलगा आईच्या सहीपुढे जाणार नाही, हे मी ओळखतो. सहीशिवाय तो थांबणार नाही, हेही ओळखतो.

दुसऱ्या दिवशी शेवंता आली. मोजणीची दोरी तिच्या चुलीवरून गेली होती. दारातच उभी राहून तिने एवढेच विचारले, “दादा, कागुद हाय न्हवं?”

मी आहे म्हणालो.

“मग झालं. तुमी हाय म्हनला म्हंजे हायच.”

त्याच आठवड्यात तिने साठवलेले सर्व पैसे घालून घरावर नवी कौले चढवली. मी सोप्यावरून पाहत होतो. ऐंशी वर्षांत मला कोणी खोटारडा म्हटलेले नाही. आता म्हटले तर ते खरे असेल, याची मला मरणापेक्षा अधिक भीती वाटते.

कलम ५. सबब, मला माझ्या इच्छेने देता येणाऱ्या भागातून खालच्या अंगाच्या त्या जागेतील माझा संपूर्ण वाटा मी शेवंता भैरू नावगेकर हिला देतो. वरची बाग मला गौरवीला द्यावयाची होती. तेवढे आता माझ्या हातात उरत नाही. तसे तिला मी तोंडी बोललो होतो, त्याबद्दल तिने मला क्षमा करावी.

माझ्या सहीने माझाच वाटा जातो. कमलाक्षीचा वाटा मुलांकडे आहे, आणि तिची सही त्या फोल्डराखेरीज जगात कोठेही नाही. म्हणून येथे प्रतिज्ञेवर लिहितो की १९९३ चा कागद होता, कमलाक्षीने तो मोठ्याने वाचून घेतला, आणि अशक्तपणा पुरता गेला नसल्याने पेन अजून हातात नीट धरवत नसताना स्वतः सही केली. गौरेश त्या वेळी नऊ वर्षांचा होता. दौत त्यानेच धरली होती. आठवत असेल तर त्याने आठवावे.

कलम ६. पासवर्ड मी आज गौरवीला सांगितला आहे. मी काय केले, तेही सांगितले. ती रागावली नाही. तिने फक्त त्या दिवसानंतर लॅपटॉप कोणी चालू केला का, असे विचारले. नाही म्हटल्यावर म्हणाली, “बरां केलांत. तिच्यार दुसरां काय लिहिलां गेलां नसात तर पुसलेली फाइल कदाचित डिस्कार आसतली. पण माका आत्ताच काय विचारूं नाका, आजोबा, पयलीं बघूंक दिया.”

ती सोप्यावर बसली आहे. लॅपटॉप तिच्यासमोर मिटलेला आहे. मी हे लिहून सही करीपर्यंत उघडू नये, असे मी तिला सांगितले आहे. कारण कागद सुखरूप निघाला, तर हे पान फाडून माझी अब्रू झाकण्याचा मोह मला होईल. गेलेला निघाला, तर कदाचित हात सहीपर्यंत पोचणार नाही. स्वतःला मी एवढे ओळखतो.

हाच मजकूर, कलम चार व पाच, वेगळ्या कागदावर सही करून आत्ता शेवंताच्या घरी पाठवीत आहे. गौरेश पेडण्याला लग्नाला गेला आहे. संध्याकाळी तो परत येईल तेव्हा त्याला कळलेले असेल. त्यानंतर मला ताट मिळेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. मूळ मृत्युपत्र उद्या, सोमवारी, बंद करून डिचोलीला नोटरीसमोर ठेवीन.

वर लिहिलेले सर्व मी साक्षीदारांना वाचून दाखवले. वाचताना माझा आवाज दोन वेळा थांबला. त्यांनी ते ऐकले आहे, म्हणून येथे लपवीत नाही.

स्थळ : मुळगाव, डिचोली, गोवा
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी सव्वाबारा

सही : सगुण पांडुरंग वायंगणकर

साक्षीदार :
१. विठू शंकर गावस, मुळगाव (सही)
२. सुमंगला रामा परब, निवृत्त शिक्षिका, मुळगाव (सही)

सह्या पूर्ण झाल्या. गौरवी, आता उघड.